पियानो वाजवताना लय किती सैल सोडायची?

स्वरांगी
नमस्कार मंडळी. इथे पेटी-तबल्याचे धागे भरपूर आहेत, पियानोवर फारसं कुणी लिहीत नाही म्हणून हा प्रपंच. मी सध्या शोपँ या पोलिश संगीतकाराचं नॉक्टर्न (रात्रीच्या भावाची संथ पियानो रचना) वाजवतेय, ओपस ९ मधलं दुसरं, ई फ्लॅट मेजर. नाव माहीत नसलं तरी कुठे ना कुठे ऐकलेलं असतंच. मेट्रोनोम (ठरवलेल्या वेगाने टिकटिक करणारं यंत्र) लावून बसवलं, सूर पक्के झाले, आता खरी पंचाईत सुरू झालीय. मेट्रोनोम लावला की सगळं जागच्या जागी येतं पण त्यात जीव नसतो, आणि बंद केला की मला हवं तिथे थांबता येतं, हवं तिथे पुढे जाता येतं, मजा येते, पण आमचे सर म्हणतात हे रुबातो (भावासाठी लय मुद्दाम ताणणं, सैल सोडणं) नाही, ही लय पडणं आहे. बरं, मोठमोठ्यांची रेकॉर्डिंग्ज ऐकायला जावं तर कुणाचंच कुणाशी जुळत नाही, पियानिस्ट रुबिन्स्टाइनची स्वतःचीच १९३० च्या दशकातली आणि १९६० च्या दशकातली नॉक्टर्न्स वेगवेगळी वाटतात. माझं मत विचाराल तर या संगीताला श्वास हवा आणि टिकटिक श्वास घेऊ देत नाही. तर मोकळीक नेमकी कुठे घ्यायची, किती घ्यायची, आणि ती घेतल्यावर लय पडली असं ऐकणाऱ्याला का वाटतं? वाजवणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी, दोघांनीही लिहा.

चौकस
पहिला. वाचतोय.

तिसरी_मात्रा
छान विषय. सरांच्या बाजूने एक साक्षीदार आणतो, खुद्द शोपँ. मिकुली नावाचा त्याचा शिष्य होता, त्याने लिहून ठेवलंय की लय सांभाळण्याच्या बाबतीत शोपँ अजिबात ढिला नव्हता आणि मेट्रोनोम त्याच्या पियानोवरून कधी हलत नसे. शिकवताना तो सांगायचा की डावा हात हा वाद्यवृंदाचा संचालक, त्याने लय सोडायची नाही, उजव्या हाताने काय हवं ते करावं. हे शोपँने शोधून काढलं असंही नाही, मोझार्टने १७७७ च्या ऑक्टोबरमध्ये ऑग्सबर्गहून वडिलांना पत्र लिहिलं त्यात हेच आहे, की अडाजिओमध्ये (संथ भागात) माझा उजवा हात मोकळा फिरतो आणि डाव्याला त्याचा पत्ताच नसतो याचं लोकांना नवल वाटतं. म्हणजे मोकळीक आहेच, पण ती एका हाताला. तुमच्या नॉक्टर्नमध्ये डाव्या हाताचं काम अगदी सरळ आहे, खाली एक खर्ज आणि वर दोन कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर), खर्ज, कॉर्ड, कॉर्ड, प्रत्येक बारमधल्या (आवर्तनासारखा छोटा भाग) बाराच्या बारा आठव्यांमध्ये (छोट्या ठोक्यांमध्ये) तेच. तो हात एकटा वाजवून बघा, आणि उजव्या हाताची ओळ तोंडाने गा. गाताना तुम्ही जिथे रेंगाळाल तिथे डावा हात थांबतो का बघा. थांबला तर सर म्हणतात ते खरं.

पाणपोई
>>डावा हात हा वाद्यवृंदाचा संचालक
अहो हे तर आपलंच! विलंबित ख्यालात तबलजी ठेका धरून बसतो आणि गवई वर पाहिजे तसा पसरतो, मागे राहतो, अलगद पुढे सरकतो, आणि समेवर बरोब्बर येतो. पियानोवाल्याला गवई आणि तबलजी दोन्ही एकट्यानेच व्हायला लागतं एवढाच फरक.

चौकस
दोघांचं मानधन एकट्याला मिळतं का मग?

पाणपोई
चौकस, तबलजीचं वेगळं मागून बघ, संयोजक फोन उचलायचा बंद होईल.

निळा_पक्षी
पाणपोईताई, साम्य आहे पण ते अर्ध्या वाटेपर्यंतच. ख्यालात आवर्तन मोडत नाही, लय वाढते ती सगळी मिळून हळूहळू वाढते, आणि एका आवर्तनाच्या मध्ये पाचवी मात्रा लांबवून सहावी आखूड केली असं तबलजी करत नाही. पियानोत मात्राच लवचिक होते आणि ती कुठे ताणायची ते बऱ्याचदा हार्मनी (कॉर्डची मांडणी) ठरवते. एखादा अनपेक्षित कॉर्ड आला, कानाला खटकणारा सूर आला आणि तो पुढच्या सुरात सुटणार असला तर तिथे क्षणभर वेळ द्यावा लागतो, नाहीतर ऐकणाऱ्याला तो ताण कळतच नाही. आपल्याकडे रागसंगीतात कॉर्डच नाहीत त्यामुळे लय ताणायचं हे कारणच उद्भवत नाही. म्हणून निव्वळ 'डावा हात घट्ट, उजवा सैल' एवढ्यावर रुबातो संपत नाही. दोन्ही हात मिळून थांबतात असं रुबातोही आहे, आणि शोपँनंतरच्या बऱ्याचशा संगीतात तेच जास्त आहे. रखमानिनॉफचा डावा हात मेट्रोनोमसारखा वाजवला तर ऐकवणार नाही.

तिसरी_मात्रा
निळा_पक्षी, मान्य, पण स्वरांगी शोपँ वाजवतायत ना. आणि पियानिस्ट लिस्टनेही शिष्यांना शोपँचं रुबातो समजावताना खिडकीबाहेरचं झाड दाखवलं होतं, वारा पानांत खेळतो पण झाड जागचं हलत नाही.

निळा_पक्षी
बरोबर, पण त्याच शोपँबद्दल संगीतकार बर्लिओझची तक्रार होती की याला लयीत वाजवताच येत नाही! आणि पियानिस्ट चार्ल्स हॅलेचा किस्सा तर प्रसिद्धच आहे. हॅलेने शोपँला सांगितलं की तुमचे माझुर्का (नाचाच्या रचना) तीन मात्रांचे असून चारांत ऐकू येतात, पहिली मात्रा तुम्ही एवढी लांबवता. शोपँ काही केल्या कबूल होईना, तेव्हा हॅलेने त्याला वाजवायला लावलं आणि मोठ्याने एक-दोन-तीन-चार मोजून दाखवलं, ते चपखल बसलं. शोपँ हसला आणि म्हणाला हा आमच्या पोलिश नाचाचा स्वभाव आहे. संगीतकार मायरबेअरने असंच म्हटलं, तो तर दोन मात्रा म्हणाला, तेव्हा मात्र शोपँ भयंकर चिडला होता. आता यात डावा हात पण होताच की. म्हणजे संचालकच तीनाचे चार करत होता.

गिरगावकर
हा किस्सा आवडला. तीनाचे चार करणारे आमच्याकडे ब्रास बँडमध्ये पण आहेत, गणपतीच्या दिवसांत या.

म्हापशेकर
मी पियानोवाला नाही, चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो, पण या विषयात ऑर्गनवाल्याला एक गोष्ट फार लवकर कळते ती सांगतो. ऑर्गनची पट्टी जोरात दाबा नाहीतर हळू दाबा, आवाज तेवढाच. म्हणजे एखाद्या सुरावर जोर द्यायचा तर जोर देताच येत नाही. मग काय करायचं? तो सूर किंचित उशिरा आणायचा, किंवा त्याच्या आधीचा सूर जरा लवकर सोडून बारीकशी फट ठेवायची, किंवा तोच सूर केसभर जास्त धरायचा. ऐकणाऱ्याला वाटतं इथे जोर दिला. हार्प्सिकॉर्डचं पण तेच. म्हणजे वेळ हे जोर देण्याचंच साधन आहे. पियानोवाल्याकडे दोन्ही असतं, जोर पण आणि वेळ पण, म्हणून तो गडबडतो, प्रत्येक भावुक जागी मोठ्याने पण वाजवतो आणि थांबतो पण. माझ्या मते दोन्ही एकाच ठिकाणी वापरलं की ते जास्त वाटतं. थांबायचं असेल तर तो सूर हळुवार वाजवून बघा, आणि जोर द्यायचा असेल तर वेळेत द्या.

लहानपणी गावात सोलफेज (सूर नावाने गायचा अभ्यास) शिकवताना आमचे मास्तर हाताने ताल देत सूर म्हणायला लावायचे, वाद्य हातात मिळायचं ते फार नंतर. लय आधी अंगात, सूर मागाहून.

स्वरांगी
म्हापशेकर, फारच उपयोगी. मी नेमकं तेच करतेय, वरच्या सुरावर चढताना जोर पण देते आणि थांबते पण. आज रात्रीच करून बघते.

रात्रपाळी
मुळात ठरलेली लय कुठली हेच आधी ठरवा की. शोपँने या नॉक्टर्नवर मेट्रोनोमचा आकडा स्वतः लिहिलाय, मिनिटाला १३२ आठवे सूर. गणित करा. ३४ बार, प्रत्येकात १२ आठवे, झाले ४०८. भागिले १३२, म्हणजे तीन मिनिटं आणि वर थोडं, शेवटच्या मोकळ्या जागेचा वेळ धरून साडेतीनच्या आत संपायला पाहिजे. तुम्ही ऐकता ती बहुतेक रेकॉर्डिंग्ज चार ते साडेचार मिनिटांची असतात. म्हणजे रुबातोचं सोडा, सगळं जगच ते सावकाश वाजवतंय आणि त्यावर परत थांबतंय! एवढं सावकाश घेतल्यावर थांबायला जागाच उरत नाही, थांबलं की ठप्प होतं. स्वरांगी, तुम्ही किती वेगाने वाजवताय?

स्वरांगी
१०० च्या आसपास :(

रात्रपाळी
तिथेच मेख आहे मग. ११५-१२० वर नेऊन बघा, जो थांबा आत्ता लय पडल्यासारखा वाटतो तोच श्वासासारखा वाटेल. बारमध्ये बारा ठोके मोजू नका, चार मोजा, १३२ म्हणजे मोठा ठोका ४४ चा. ४४ हा चांगला संथच आहे. बारा मोजलं की प्रत्येक कॉर्ड जड पडतो.

तिसरी_मात्रा
बारा न मोजता चार मोजा, याला +१००. माझ्या माहितीतले निम्मे लयीचे प्रश्न एवढ्याने सुटतात.

आगाशी
पण रात्रपाळी, आकडे इतके धर्मग्रंथासारखे मानावेत का? बीथोवनचंच घ्या. मेल्झेलने मेट्रोनोमचं पेटंट १८१५ ला घेतलं (मूळ युक्ती आम्स्टरडॅमच्या विंकेलची, पण नाव झालं मेल्झेलचं), बीथोवनला तो इतका आवडला की १८१७ मध्ये त्याने आपल्या आठ सिंफनींचे आकडे छापून दिले. पियानो सोनाटांपैकी फक्त एकाला दिले, हामरक्लाविअर, ओपस १०६. पहिल्या भागाला मिनिटाला १३८ हाफ नोट (अर्धे सूर)! त्या वेगाने वाजवायला गेलं तर माणसाची त्रेधा उडते. पियानिस्ट श्नाबेलने १९३० च्या दशकात प्रयत्न केला, तो ऐकण्यासारखा आहे, पण बहुतेक जण सरळ कमी करतात. शूमानच्या ट्रॉयमराइ या छोट्या रचनेला मूळ आकडा १०० चा, आणि त्याच्या मागे खुद्द बायकोने, क्लारा शूमानने, आपल्या आवृत्तीत तो खाली आणला. आणि ती काही ऐरीगैरी नव्हती, युरोपातली त्या काळातली एक अव्वल पियानिस्ट. शोपँने तर १८३६ च्या सुमारास आकडे लिहिणंच सोडून दिलं, ओपस २७ नंतर त्याच्या छापील रचनांवर आकडे नाहीत. का सोडलं असेल?

रात्रपाळी
आगाशी, धर्मग्रंथ नाही हो, पण पत्ता तर आहे. पत्त्यावर न जाता शेजारच्या गावात उतरायचं आणि म्हणायचं मला स्वातंत्र्य आहे, हे मला पटत नाही. शिवाय वाद्य बदललंय हा मुद्दा कुणीच घेतला नाही. शोपँचा आवडता पियानो प्लेयेल, हलक्या पट्ट्यांचा, आवाज आजच्या मोठ्या ग्रँडपेक्षा लहान आणि लवकर विरणारा. पियानोचा सूर एकदा वाजला की विरतच जातो, गळ्यासारखा किंवा व्हायोलिनसारखा तो फुगवता येत नाही. लवकर विरणाऱ्या वाद्यावर फार सावकाश वाजवलं की एक सूर मरतो आणि मग दुसरा जन्मतो, ओळ बनतच नाही. आजच्या नऊ फुटी पियानोवर सूर जास्त टिकतो म्हणून सावकाश वाजवणं परवडतं. घरात बहुतेकांकडे डिजिटल असतो किंवा छोटा अपराइट, आणि नक्कल मात्र मोठ्या हॉलमधल्या ग्रँडच्या लयीची. स्वरांगी, तुमच्याकडे कुठला आहे?

स्वरांगी
डिजिटल. आणि हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, लांब सूर शेवटी अगदी पातळ होतो आणि पुढचा एकदम टणकन येतो.

रात्रपाळी
बघा. पुढचा सूर आधीच्या सुराच्या शेपटाएवढाच वाजवायचा, सुरुवातीएवढा नाही. मग ओळ सांधली जाते आणि थांबायची निम्मी गरजच संपते.

कडीपत्ता
धागा भारी चाललाय, वाखु (वाचनखूण) साठवली. माझ्या लेकीचा पियानोची ग्रेड परीक्षा आहे यंदा, तिला पण वाचायला दिला. तिचा प्रश्न: परीक्षेत रुबातो केलं तर मार्क कापतात का?

तिसरी_मात्रा
कडीपत्ता, रुबातोचे कापत नाहीत, अडखळण्याचे कापतात. ऐकणाऱ्याला फरक लगेच कळतो. अडखळणं अवघड जागी येतं, रुबातो महत्त्वाच्या जागी. मुलांच्या बाबतीत उडी मोठी असली, बोटं बदलायची असली की तिथे ती हमखास 'भावपूर्ण' होतात. एक साधी परीक्षा, तिला सांगा की तोच तुकडा एकदा पूर्ण लयीत वाजवून दाखव. आला तर मग थांबण्याचा हक्क आहे.

निळा_पक्षी
हे मात्र शंभर टक्के पटलं. माझा वाद तत्त्वाशी होता, या कसोटीशी नाही.

पाणपोई
अवांतर: पियानिस्ट ग्लेन गूल्डने बाखचे गोल्डबर्ग व्हेरिएशन्स दोनदा रेकॉर्ड केले ना, १९५५ ला सुमारे ३८ मिनिटांत आणि १९८१ ला ५१ मिनिटांत. एकच माणूस, एकच रचना. मग लय ही रचनेची की वयाची?

आगाशी
पाणपोई, त्या आकड्यांनी फसायला होतं. १९५५ ला त्याने पुनरावृत्ती घेतल्याच नाहीत, १९८१ ला काही व्हेरिएशन्समध्ये घेतल्या, त्यामुळे सगळा फरक वेगाचा नाही. सुरुवातीची आरिया मात्र खरंच फार फार संथ आहे. आणि १९८१ मध्ये त्याने केलेली खरी मोठी गोष्ट वेगळीच, एका व्हेरिएशनची लय पुढच्याशी हिशोबाने जोडत नेली, आधीच्या ठोक्याच्या पटीत किंवा भागात पुढचा ठोका. वरवर ऐकताना वेग बदलत जातो पण आत एकच नाडी चालू असते. गूल्ड आणि ब्राह्म्सचा तो प्रसंग पण इथे नोंदवायला हवा. ६ एप्रिल १९६२, कार्नेगी हॉल, ब्राह्म्सचा डी मायनर काँचेर्तो, आणि संचालक लेनर्ड बर्नस्टाइन वाजवण्याआधी उभं राहून श्रोत्यांना सांगतो की आज जी संथ लय ऐकाल ती मला पटलेली नाही, पण गूल्ड एवढा विचार करणारा कलाकार आहे की त्याचं म्हणणं ऐकलं जावं असं मला वाटतं. आणि मग त्याच लयीत साथ केली! मला हा कलेतला मोठेपणा वाटतो, दोघांचाही.

गिरगावकर
आमच्याकडे साथीदार स्टेजवर असं काही बोलला तर मध्यंतरानंतर दुसरा साथीदार दिसेल.

निळा_पक्षी
आकडे आणि छापील कागद यांच्यावर किती विसंबायचं यासाठी देबुसीचं उदाहरण सगळ्यात चांगलं. पूर्वी वेल्टे-मिन्योन म्हणून यंत्र होतं, पियानिस्ट वाजवायचा आणि कागदाच्या रोलवर भोकं पडून ते वाजवणं साठवलं जायचं. देबुसीने १९१३ च्या सुमारास आपलं 'बुडालेलं कॅथेड्रल' त्यावर वाजवलं. छापील प्रतीत जिथे वेग बदला असं काही लिहिलेलं नाही तिथे तो स्वतः सरळ दुप्पट वेगाने गेलाय, बार ७ ते १२ आणि परत २२ पासून ८३ पर्यंत. छापील प्रतीबरहुकूम वाजवलं तर मधला भाग इतका लांबतो की कंटाळा येतो, देबुसीसारखं वाजवलं की सगळं एका दमात उभं राहतं. कागदाशी इमान राखणारे इतकी वर्षं चुकीच्या लयीत वाजवत होते! त्या काळच्या इतर रोल्स आणि जुन्या तबकड्यांत अजून एक ऐकू येतं, डावा हात आधी पडतो आणि उजव्याचा सूर कणभर मागून येतो. पाडेरेव्हस्की ऐका. आज असं वाजवलं तर शिक्षक ओरडतील की हात एकत्र पडत नाहीत, तेव्हा ती शैली होती.

तिसरी_मात्रा
आणि ते मोझार्टच्या पत्राशी जुळतं, बघा. डावा ठरलेल्या जागी, उजवा मागून.

निळा_पक्षी
हो, तिथे तुम्ही जिंकलात.

रात्रपाळी
हेच कुणाला सहज ऐकायचं असेल तर जॅझमध्ये एरल गार्नर ऐका. डावा हात गिटार छेडल्यासारखा चारही ठोके बिनचूक देतो आणि उजवा सतत त्याच्या मागे रेंगाळतो. दोन हातांमधली ती फट हीच त्याची ओळख. शोपँ ऐकून कळत नसलं तर गार्नर ऐकून नक्की कळेल.

म्हापशेकर
गार्नरला नोटेशन वाचता येत नव्हतं हे पण सांगून ठेवा.

कडीपत्ता
लेकीला हे वाक्य वाचून दाखवणार नाही :)

स्वरांगी
सगळ्यांचे मनापासून आभार, आणि जे केलं ते सांगते. डावा हात एकटा वाजवून वरची ओळ गायले. दोन ठिकाणी डावा थांबतो, आणि दोन्ही ठिकाणी खर्जाची उडी मोठी आहे, म्हणजे तिसरी_मात्रा म्हणाले तसं ते अवघड जागी थांबणंच होतं. वेग ११६ केला. सुरुवातीची बी फ्लॅटवरून जी वर झेप आहे तिथे जोर काढून टाकला, नुसता जरासा वेळ घेतला, आणि ते एकदम गळ्यातून आल्यासारखं झालं. पण माझं मूळ मत मी सोडलेलं नाही. टिकटिक लावून मला अजूनही श्वास घेता येत नाही. मेट्रोनोम लावावा की नाही, लावायचा तर कसा, हे कुणीतरी नीट सांगा. आणि शेवटी जी मोकळी जागा आहे तिथे तर शोपँने स्वतःच सेंझा टेंपो लिहिलंय, म्हणजे लय नाहीच, तिथे काय धरून वाजवायचं?

पाणपोई
मेट्रोनोम दर मात्रेला कशाला लावता, समेपुरता लावा. बारच्या पहिल्या ठोक्याला एकच टिक. मध्ये काय पाहिजे ते करा, समेवर भेटा. तबल्याच्या मुलांना नगमा (आवर्तनभर फिरत राहणारी सुरांची ओळ) देतात तो तरी दुसरं काय करतो, मध्ये कितीही गुंतागुंत करा, पहिली मात्रा दिसत राहते.

तिसरी_मात्रा
पाणपोईशी सहमत, फक्त बहुतेक यंत्रं एवढा कमी आकडा देत नाहीत, ११६ च्या हिशोबाने दर बारला एक म्हणजे मिनिटाला दहाच्याही खाली. फोनवरच्या अ‍ॅपमध्ये बारा ठोक्यांचा बार करून पहिला सोडून बाकीचे मुके करता येतात, ते करा. आधी बारमध्ये दोन टिक ठेवा, पहिली आणि सातवी. ते जमलं की एक. ते जमलं की एक बार टिक आणि एक बार शांत. शांत बारनंतर टिक कुठे पडते ते ऐकायचं. तुम्ही आधी पोचलात की नंतर, ते दर वेळी एकाच बाजूला जात असेल तर तो तुमचा कल आहे, आणि आपला कल माहीत असला की मोकळीक आपण घेतोय की ती आपल्याला ओढतेय हे कळतं. शेवटी यंत्र बंद.

निळा_पक्षी
आणि सेंझा टेंपोचं मी सांगते. तिथे बारीक टायपात तेच चार सूर फिरत राहतात, परत परत. एकसारखे वाजवलेत तर शिवणयंत्र होतं, आणि प्रत्येक चार सुरांना वेगळा भाव द्यायला गेलात तर तुकडे पडतात. ठोका नाही पण दिशा आहे. सुरुवात जड आणि जराशी अडवून करा, चारांचे गट कानाला कळतील एवढी, मग हळूहळू गट विसरून जा आणि वेग आपोआप वाढू द्या, मध्यावर सर्वात जलद, आणि मग आवाज कमी होत होत वेग उतरवा. किती फेऱ्या सावकाश, किती जलद हे पेन्सिलने लिहून ठेवू नका, रोज थोडं वेगळं झालं तरी चालेल. एकच गोष्ट पक्की ठेवा, खाली उतरल्यावर पुन्हा खर्ज-कॉर्ड-कॉर्ड सुरू होतं त्या पहिल्या खर्जाचा वेग. तो आधीच्या वेगाशी जुळायला हवा. त्यासाठी आधी ती मोकळी जागा गाळून, तिच्या आधीचा बार आणि नंतरचा बार एकमेकांना जोडून आठ-दहा वेळा वाजवा, मग मधला भाग परत घाला.

स्वरांगी
जोडून वाजवायचं हे डोक्यातच आलं नव्हतं. पेडल त्या मोकळ्या जागेत धरून ठेवायचं की बदलत राहायचं?

निळा_पक्षी
डिजिटलवर अर्धं पेडल नीट चालत असेल तर वरचे सूर धूसर होऊ लागले की थोडं थोडं उचलत जा, पूर्ण सोडू नका. चालत नसेल तर वेग उतरायला लागला की एकदा स्वच्छ बदला.